राउटर तुमच्या दुकानात, किल्ली कोणाकडे?

राउटरच्या व्हिडिओत सेटिंगची पानं दाखवली, पण त्यावरचं माझं मत नीट मांडायला तिथे वेळ पुरला नाही. ते इथे सविस्तर लिहितोय. मत एका वाक्यात सांगायचं तर असं: ज्याचा धंदा नेटवर चालतो त्याने राउटर केबलवाल्याच्या भरवशावर ठेवू नये. तो तराजूसारखा स्वतःच्या ताब्यात ठेवावा, स्वतः तपासावा, आणि त्याचा पासवर्ड स्वतःकडे असावा.

गावात ऑनलाइन सेवा केंद्र टाकायचं ठरलं की माणूस यादी करतो. कॉम्प्युटर, प्रिंटर, बोटांचे ठसे घेणारं मशीन, इन्व्हर्टर, लॅमिनेशन, दोन खुर्च्या, बोर्ड. प्रशिक्षणात मी अशा पुष्कळ याद्या पाहिल्या. राउटर कुणाच्याच यादीत नसतो. का? तर तो ‘फुकट’ येतो. सहा महिन्यांचा प्लॅन घेतला की केबलवाला पोरगा येतो, भिंतीला दोन खिळे ठोकतो, डबा लटकवतो आणि जातो. डब्याच्या खालचं स्टिकर त्यानंतर कुणी वाचत नाही.

आता गेवराई तालुक्यातलं तलवाडा घ्या. त्वरिता देवीचं गाव. (देवीचं नाव त्वरिता, म्हणजे तातडीने धावून येणारी. नेट बंद पडल्यावर येणारा माणूस मात्र ‘उद्या सकाळी बघतो’ म्हणणारा.) तलवाड्यासारख्या गावात ऑनलाइन फॉर्मच्या दुकानात जुलै महिन्यात काय गर्दी असते हे बीड जिल्ह्यातल्या माणसाला सांगायला नको. २०२३ आणि २०२४ च्या खरिपात एक रुपयात पीकविमा होता. शेतकऱ्याकडून घ्यायचा तो एकच रुपया, आणि केंद्रचालकाला विमा कंपनीकडून अर्जामागे ४० रुपये. २०२४ ला मुदत १५ जुलैची होती, ती ३१ जुलैपर्यंत वाढवावी लागली. ती एक रुपयाची योजना आता बंद झाली, पण हिशोब शिकायला ती चांगली आहे.

समजा तासाला १० अर्ज भरले जातात. शेवटच्या पाच दिवसांत नेट रोज तीन वेळा अर्धा-अर्धा तास गेलं. म्हणजे दिवसाला १५ अर्ज गेले, ६०० रुपये गेले. पाच दिवसांत ३,०००. तेवढ्यात चांगला राउटर येतो, आणि तो पुढची तीन-चार वर्षं टिकतो. हे झालं नुसत्या कमिशनचं. ओटीपी आलाय, फॉर्म शेवटच्या पानावर आहे आणि नेट गेलं, की पुन्हा पहिल्यापासून. बाहेर रांगेत उभा असलेला शेतकरी शेजारच्या दुकानात जातो आणि पुढच्या वर्षीही तिकडेच जातो.

त्याहून अवघड गोष्ट आधारवरून पैसे काढण्याची. बोट ठेवलं, खात्यातून पैसे कटले आणि तेवढ्यात नेट तुटलं, पावती आली नाही. म्हातारी बाई समोर उभी. तिला तुम्ही काय सांगणार, की राउटर रिस्टार्ट झाला? रिझर्व्ह बँकेचं सप्टेंबर २०१९ चं परिपत्रक आहे: असे कटलेले पैसे व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांच्या आत परत जमा करण्याची कार्यवाही व्हायला हवी, आणि उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये भरपाई. हे तुम्हाला माहीत असायलाच हवं आणि गिऱ्हाइकाला सांगायलाही हवं. पण ते पाच दिवस गावात तुमच्या नावाची काय चर्चा होईल, ते कोणत्याही परिपत्रकात लिहिलेलं नाही.

‘फायरवॉल बंद केला की चालतं’

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो. “सर, नेट चालंना म्हणून एकाने सांगितलं फायरवॉल बंद कर. बंद केला, लगेच चाललं. मग बंदच ठेवू का?”

नका ठेवू. आणि आधी हे समजून घ्या की ते कशामुळे चाललं. पुष्कळ घरगुती राउटर असे असतात की सेटिंग बदलून ‘सेव्ह’ दाबलं की ते स्वतः रिस्टार्ट होतात किंवा निदान नेटची जोडणी तोडून पुन्हा जोडतात. दिवसभर चालून राउटरची मेमरी भरलेली असते, तात्पुरत्या जोडण्यांची यादी तुंबलेली असते, ती रिकामी होते. म्हणून नेट चालतं. फायरवॉल बंद न करता नुसतं बटण बंद-चालू केलं असतं तरी चाललं असतं. खात्री करायची असेल तर फायरवॉल पुन्हा चालू करून बघा. बहुतेक वेळा तेव्हाही नेट व्यवस्थित चालतं, कारण तेव्हाही तो रिस्टार्टच झालेला असतो! पण हे उलटं करून बघायची तसदी कुणी घेत नाही. चाललं ना, मग हात लावू नको, हा आपला स्वभाव.

फायरवॉल करतो काय? साध्या भाषेत, तुमच्या कॉम्प्युटरने आतून जे मागितलं त्याचंच उत्तर तो बाहेरून आत येऊ देतो. न मागता दार वाजवणाऱ्याला दारातूनच परत पाठवतो. आणि दार वाजवणारे चोवीस तास असतात. हल्लेखोरांचे प्रोग्राम नेटवरचे पत्ते ओळीने तपासत सुटलेले असतात, त्यांना तुमचं दुकान तलवाड्यात आहे की मुंबईत आहे याच्याशी देणंघेणं नसतं.

फायरवॉल बंद केला तरी लगेच काही होत नाही, हेही खरं. राउटरमध्ये नॅट नावाची आणखी एक व्यवस्था असते, एका पत्त्यामागे सगळी उपकरणं झाकणारी, तिचा थोडा आडोसा मिळतो. त्यामुळेच माणूस निर्धास्त होतो. पण आता अनेक कनेक्शनवर आयपीव्ही-६ असतं. त्यात दुकानातल्या प्रत्येक उपकरणाला नेटवरचा स्वतःचा वेगळा पत्ता मिळतो आणि नॅटचा आडोसा राहत नाही. तिथे दार म्हणजे फक्त फायरवॉल. तो बंद म्हणजे दुकान उघडं. आत काय आहे? लोकांचे आधार, सातबारा, बँक पासबुकचे स्कॅन आणि तुमच्या नावावरचा केंद्राचा आयडी.

हां, एक अपवाद आहे आणि तो खरा आहे. काही राउटरमध्ये फायरवॉलच्या शेजारीच ‘डॉस प्रोटेक्शन’ नावाचं वेगळं सेटिंग असतं. एकाच वेळी फार पाकिटं आली की हा हल्ला आहे असं समजून ते ती अडवतं. स्वस्त राउटरमध्ये ही मर्यादा फार कमी ठेवलेली असते. दुकानात चार कॅमेरे, दोन कॉम्प्युटर आणि गिऱ्हाइकांचे पंधरा मोबाईल एकाच वायफायवर असले की त्या बिचाऱ्याला तुमची स्वतःची गर्दीच हल्ला वाटते. नेट अडखळतं, पण पूर्ण बंद पडत नाही. अशा वेळी मर्यादा वाढवा किंवा तेवढं एकच सेटिंग बंद करून दोन दिवस बघा. मुख्य फायरवॉल, ज्यावर बहुतेक ‘एसपीआय’ असं लिहिलेलं असतं, तो चालूच राहू द्या.

आधी दुखणं कुठे आहे ते शोधा

पोटात दुखतंय म्हणून गुडघ्याला तेल लावून उपयोग नसतो. कॉम्प्युटरवर काळी खिडकी उघडते ना, कमांड प्रॉम्प्ट, त्यात पिंग टाकून तीन ठिकाणी हाक मारून बघायची. पहिली हाक राउटरला: १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१, जो पत्ता स्टिकरवर असेल तो. उत्तर आलं नाही, तर गडबड दुकानातच आहे: वायर, वायफाय किंवा खुद्द राउटर. दुसरी हाक बाहेर: ८.८.८.८, हा गुगलचा पत्ता. राउटर उत्तर देतो पण हा देत नाही, तर गडबड बाहेरच्या लाइनची. डब्यावर लाल दिवा, ‘लॉस’ लिहिलेला, लागला असेल तर फायबर तुटलीय किंवा वाकलीय. तिथे तुम्ही सेटिंगमध्ये कितीही बोटं फिरवा, काही होणार नाही. तिसरी हाक नावाने: एखाद्या साइटचं नाव टाका. आकड्याला उत्तर येतं आणि नावाला येत नाही, तर डीएनएस, म्हणजे नेटची टेलिफोन डायरी बिघडलेली आहे. काही सरकारी साइट पिंगला मुद्दाम उत्तर देत नाहीत, म्हणून तिसऱ्या हाकेला गुगलसारखं नाव वापरा, नाहीतर उगीच घाबराल.

ह्या तीन हाका मारायला दोन मिनिटं लागतात. केबलवाल्याला फोन करताना ‘नेट चालंना’ म्हणण्याऐवजी ‘राउटरला पिंग जातंय, ८.८.८.८ ला जात नाही, लाल दिवा लागलाय’ असं सांगा. पलीकडचा आवाज बदलतो. हा अनुभव घेऊन बघा.

आता माझ्या मते गावाकडे सगळ्यात दुर्लक्षित राहणारा गुन्हेगार: वीज. राउटरच्या सेटिंगमध्ये ‘सिस्टिम लॉग’ नावाचं पान असतं. ते उघडा. राउटरच्या आत सहसा घड्याळाची बॅटरी नसते; तो चालू झाल्यावर नेटवरून वेळ मागून घेतो. तोपर्यंत त्याच्या वहीत तारीख पडते १ जानेवारी १९७० किंवा अशीच एखादी जुनी. लॉगमध्ये दिवसातून पाच-सात वेळा अशी जुनी तारीख दिसली, तर समजा की राउटर तुमच्या नकळत पाच-सात वेळा बंद पडून चालू झाला. हा फायरवॉलचा दोष नाही. लाइट जाते, इन्व्हर्टर घेतो, त्या क्षणभराच्या फटीत बल्ब नुसता लुकलुकतो, कॉम्प्युटर यूपीएसवर म्हणून तगतो, पण राउटर पडतो. परत उभा राहायला त्याला दोन मिनिटं लागतात. दुकानदार म्हणतो, साइट स्लो आहे.

त्यावर औषध स्वस्त आहे. राउटरसाठी छोटा यूपीएस मिळतो, हजार-दीड हजारात. घेताना अ‍ॅडॉप्टरवरचे दोन आकडे बघा: व्होल्ट तंतोतंत जुळायला हवेत, अँपिअर तेवढे किंवा जास्त हवेत. नऊ व्होल्टच्या राउटरला बारा व्होल्ट लावलेले मी पाहिलेत. चालतो, आणि मग एक दिवस चालत नाही. अ‍ॅडॉप्टर दोन-तीन वर्षांत दमतो, हेही लक्षात ठेवा. राउटर बदलण्याआधी तेवढ्याच व्होल्टचा दुसरा अ‍ॅडॉप्टर लावून बघणं, हा दोनशे रुपयांचा प्रयोग कित्येकदा दोन हजार वाचवतो.

आणि ऊन. एप्रिल-मेमध्ये बीडकडे पत्र्याच्या दुकानात दुपारी काय तापतं! त्यात राउटर पत्र्याला लागून वर, देव्हाऱ्यासारखा. खाली आणा. हवा लागेल असा ठेवा. त्यावर पावतीपुस्तकं रचू नका. दुपारी एक ते चार नेट अडखळतं आणि संध्याकाळी सुरळीत होतं, असं असेल तर पहिला संशय उष्णतेवर घ्या.

दोन छोट्या गोष्टी इथेच उरकतो. काही साइट उघडतात आणि काही अर्ध्यात लटकतात, विशेषतः पेमेंटचं पान, असं असेल तर ‘एमटीयू’ बघा. युजरनेम-पासवर्ड टाकून चालणाऱ्या कनेक्शनवर तो १५०० ऐवजी १४९२ लागतो. आणि दुकानाचा कॅमेरा बाहेरून मोबाईलवर दिसत नाही म्हणून फायरवॉलला शिव्या देत असाल, तर आधी राउटरच्या पहिल्या पानावर बाहेरचा पत्ता बघा. तो १०० ने सुरू होत असेल आणि दुसरा आकडा ६४ ते १२७ मधला असेल, तर कंपनीने एकच पत्ता अनेक गिऱ्हाइकांत वाटलाय. तिथे तुम्ही पोर्ट उघडून काही साधणार नाही, उलट भोक तेवढं राहील. कॅमेऱ्याच्या कंपनीचं अ‍ॅप वापरा किंवा कंपनीकडून स्वतंत्र पत्ता विकत घ्या.

फर्मवेअर: जुना तोच बरा?

फर्मवेअर म्हणजे राउटरच्या आतला प्रोग्राम. मोबाईलला अपडेट येतात तसे यालाही येतात, फरक एवढाच की मोबाईल रोज आठवण करतो आणि राउटर गप्प बसतो.

२०१७ च्या जुलैअखेरीस काय झालं ते बघा. बीएसएनएल आणि एमटीएनएलच्या ग्राहकांच्या मोडेमवर मालवेअरचा हल्ला झाला. बातम्यांत बाधित मोडेमचा आकडा ६० हजारांच्या वर आला होता. कंपनीचं मुख्य जाळं सुरक्षित होतं. पडले ते घराघरातले, दुकानातले डबे, आणि त्यातही ज्यांचा पासवर्ड कारखान्यातून आला तसाच ‘अ‍ॅडमिन’ राहिला होता ते. बीएसएनएलने लोकांना सांगितलं की मोडेम रिसेट करा आणि पासवर्ड बदला. म्हणजे जे काम पहिल्या दिवशी पाच मिनिटांत व्हायचं, ते नेट बंद पडल्यावर करावं लागलं.

दुसरं उदाहरण २०१८ चं. आपल्याकडे अनेक छोटे केबल ऑपरेटर मायक्रोटिक कंपनीचे राउटर वापरतात. त्यात एक भोक सापडलं, आणि एप्रिलमध्येच कंपनीने ते बुजवणारा अपडेट दिला. पण लोकांनी तो टाकला नाही. पुढच्या काही महिन्यांत जगभर दोन लाखांहून जास्त राउटर हल्लेखोरांच्या ताब्यात गेले, त्यात भारतातलेही हजारो. त्यांच्यामार्फत लोकांच्या कॉम्प्युटरवर गुपचूप आभासी चलनाची खाण चालवली गेली. दुकानदाराला दिसलं एवढंच, की कॉम्प्युटर तापतोय आणि नेट सावकाश आहे. औषध आलेलं होतं, ते बाटलीतच राहिलं.

तरीही अपडेटची भीती मला समजते. अर्धवट अपडेटमध्ये लाइट गेली की डब्याची वीट होते, हे खरं आहे. म्हणून तो कामाच्या दिवशी करायचाच नाही. राउटरच्या स्टिकरवर मॉडेलच्या पुढे ‘व्ही-१’, ‘व्ही-२’ असं हार्डवेअरचं व्हर्जन असतं. नाव एकच असलं तरी दोन्हींचं फर्मवेअर वेगळं असतं. चुकीचं टाकलं तरी वीटच. फाइल फक्त कंपनीच्या साइटवरून घ्या, यूट्यूबखालच्या कुठल्या तरी लिंकवरून नको (माझ्या व्हिडिओखाली कुणी टाकली असली तरी नको). आधी सेटिंगची प्रत काढून ठेवा, कनेक्शनचं युजरनेम-पासवर्ड कागदावर लिहून घ्या. अपडेट वायरने जोडलेल्या कॉम्प्युटरवरून करा, वायफायवरून नाही. राउटर यूपीएसवर असू द्या. आणि अपडेटनंतर विचित्र वागला, तर फॅक्टरी रिसेट करून सेटिंग हाताने भरा. जुन्या व्हर्जनची काढलेली प्रत नव्यावर चढवली की कधी कधी जुनंच दुखणं परत येतं.

अपडेटने सगळं सुरळीत होईल असं मी म्हणत नाही. काही वेळा नवं व्हर्जन जुन्याहून वाईट निघतं, वायफायची रेंज कमी होते, रोज रात्री आपोआप रिस्टार्ट होतो. तेव्हा कंपनीच्या साइटवर आधीचं व्हर्जन असेल तर परत जाता येतं, काही मॉडेल ते करू देत नाहीत. आणि मॉडेल इतकं जुनं असेल की कंपनीने गेल्या तीन-चार वर्षांत एकही अपडेट दिलेला नाही, तर त्याच्यावर वेळ घालवू नका. तो घरी टीव्हीसाठीही लावू नका.

खरी अडचण: पासवर्ड कुणाकडे

हे सगळं वाचून तुम्ही उत्साहाने राउटरचं पान उघडाल आणि तिथे पासवर्ड विचारेल. तो केबलवाल्याकडे. फोन केलात तर म्हणेल, “सर, कंपनी देत नाही.” कधी देतो तो मर्यादित पासवर्ड, ज्याने फक्त वायफायचं नाव बदलता येतं. फर्मवेअरचं बटण दिसतच नाही, कारण ते कंपनीने दुरून हाताळायचं ठरलेलं असतं.

मी त्या पोराला दोष देणार नाही. दहा-बारा गावं एकट्याने बघतो, खांबावर चढतो, पावसात फायबर जोडतो. एका राउटरमागे बसून फर्मवेअर करायला त्याला कोण पैसे देणार? कंपनी म्हणते डबा ग्राहकाच्या जागेत आहे, ग्राहक म्हणतो डबा कंपनीचा आहे. दोघांच्या मधे तो डबा बेवारस. माझा सगळा आक्षेप या बेवारसपणावर आहे. कारण पोलिसांच्या कागदावर तो बेवारस नसतो, तिथे कनेक्शन तुमच्या नावावर असतं.

याचं उदाहरण आपल्या महाराष्ट्रातलंच आहे. २६ जुलै २००८ ला अहमदाबादमध्ये बॉम्बस्फोट झाले. स्फोटांच्या काही मिनिटं आधी माध्यमांना धमकीचा ईमेल गेला होता. त्याचा माग काढत तपास पोहोचला नवी मुंबईत सानपाड्याला, एका अमेरिकन रहिवाशाच्या फ्लॅटवर. त्याचं वायफाय उघडं होतं, दुसऱ्याच कुणी ते वापरलं होतं. चौकशीत त्याचा संबंध नसल्याचं निष्पन्न झालं, पण चौकशी व्हायची ती झालीच. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये माटुंग्याच्या खालसा कॉलेजच्या आणि सप्टेंबरमध्ये चेंबूरच्या एका वायफायवरून असेच ईमेल गेले. पुढे मुंबई पोलिसांनी उघडी वायफाय शोधण्याची मोहीमच हाती घेतली.

आता तुमच्या दुकानाच्या भिंतीकडे बघा. ‘वायफाय पासवर्ड’ म्हणून जो कागद चिकटवलाय, तोच पासवर्ड कॉम्प्युटरच्या वायफायचा आहे ना? गिऱ्हाइकाला नेट द्यायला माझी ना नाही, रांगेत तासभर उभा राहणाऱ्या माणसाची ती सोय आहे. पण त्यासाठी राउटरमध्ये ‘गेस्ट नेटवर्क’ असतं. ते वेगळ्या नावाने चालू करा, त्याला वेग बांधून द्या, पासवर्ड दर आठवड्याला बदला. पाहुणा ओसरीवर बसतो, माजघरात येत नाही, तसं. दुकानाचे कॉम्प्युटर शक्यतो वायरवर ठेवा. ‘डब्ल्यूपीएस’ आणि ‘रिमोट मॅनेजमेंट’ ही दोन बटणं बंद. ‘यूपीएनपी’ही, कारण त्यातून आतलं कुठलंही उपकरण तुम्हाला न विचारता फायरवॉलमध्ये खिडकी उघडतं.

मग करायचं काय? माझं मत ठाम आहे: कंपनीचा डबा फक्त फायबर उतरवण्यापुरता ठेवा आणि त्याच्यामागे स्वतःचा राउटर लावा. केबलवाल्याला म्हणा, “तुमचा डबा ब्रिज मोडवर टाकून द्या.” हे शब्द त्याला कळतात. मग कनेक्शनचं युजरनेम-पासवर्ड तुमच्या राउटरमध्ये जातं आणि फायरवॉल, फर्मवेअर, गेस्ट सगळं तुमच्या हातात येतं. ब्रिज करून द्यायला तो तयार नसेल, तरी त्याच्या डब्यातून वायर काढून स्वतःचा राउटर लावता येतो. दोन राउटर एकामागे एक होतात, कॅमेऱ्यासारख्या गोष्टींना त्याचा थोडा त्रास होतो, पण फॉर्म भरणाऱ्या दुकानाचं काही अडत नाही. फक्त दोघांचा आतला पत्ता वेगळा ठेवा, एकाचा १९२.१६८.१.१ असेल तर दुसऱ्याचा १९२.१६८.५०.१ करा, नाहीतर दोघे भांडतात.

राउटर घरगुती वापराचा घेतला तरी चालेल, दीड-दोन हजारांपासून मिळतो. वेग किती, अँटेना किती हे दुकानदार सांगेलच. तुम्ही मोबाईलवर कंपनीची साइट उघडून एवढंच बघा, की या मॉडेलचा शेवटचा अपडेट कोणत्या तारखेचा आहे. वर्षभरातला असेल तर घ्या. अँटेना सहा आणि शेवटचा अपडेट २०१९ चा, असा मिळत असेल तर स्वस्तातही नको. उरलेल्या पैशातून दुसऱ्या कंपनीचं सिम मोबाईलमध्ये ठेवा, हॉटस्पॉटसाठी. फायबर तुटलेल्या दिवशी जगातला कुठलाही राउटर कामाचा नाही.

नवीन कनेक्शन घेणार असाल तर पैसे देण्याआधी व्हॉट्सअ‍ॅपवर लेखी विचारून घ्या: राउटरचा पूर्ण पासवर्ड मिळेल का, ब्रिज करून द्याल का, अपडेट कोण करणार, आणि लाइन तुटली तर किती तासांत माणूस येणार. उत्तर ‘नाही’ असलं तरी ते आधी कळलेलं बरं. गावात दोन केबलवाले असतील तर दुसऱ्याला विचारता येतं. महिन्याला पन्नास रुपये जास्त घेणारा पण ‘करून देतो’ म्हणणारा निवडा. पन्नास रुपये म्हणजे सव्वा अर्ज.

आणि आज संध्याकाळी शटर ओढण्याआधी राउटर उलटा करा, स्टिकरचा फोटो काढा. मॉडेल, हार्डवेअर व्हर्जन, सध्याचं फर्मवेअर, घेतल्याची तारीख आणि बदललेला पासवर्ड एका छोट्या वहीत लिहा. पुढच्या पानावर नेट गेल्याची तारीख आणि वेळ लिहायला सुरुवात करा. वही गल्ल्यात ठेवा, भिंतीवरच्या त्या कागदाशेजारी नको.